दादासाहेबांचा नाशिकचा कारखाना

मुंबईत गोरेगावला जी चित्रनगरी आहे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले आहे. दुपारच्या निवांत वेळी घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या कितीतरी मालिकांचे भाग तिथे चित्रित झाले आहेत. ठरलेल्या दिवशी ठरलेले कथानक पडद्यावर गेलेच पाहिजे, त्यासाठी माणसे, कपडे, देखावे, जेवणखाण आणि पैसा यांची जुळणी रोजच्या रोज झाली पाहिजे, हे निर्मात्याचे खरे काम. प्रेक्षकाला ते दिसत नाही आणि दिसूही नये. भारतात या कामाची घडी प्रथम बसली ती नाशिकला. एका बंगल्यात, एका संसारी माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघराला लागून.

दादासाहेबांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हटले जाते. या बिरुदावरून वादही झाले आहेत. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मे १९१२ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी, मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. तो रंगभूमीवरील नाटकाचेच चित्रण होता आणि त्यावर प्रक्रिया परदेशात झाली होती, असे उत्तर त्यावर दिले जाते. पहिले कोण, हा प्रश्न अभ्यासकांनी सोडवावा. फाळक्यांचे निर्विवाद कर्तृत्व वेगळेच आहे. एक चित्रपट काढून ते थांबले नाहीत. दुसरा, तिसरा, दहावा असे चित्रपट एकामागून एक निघत राहतील अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या घरात उभी केली. ती त्यांनी उभी केली कशी आणि ती त्यांच्या हातून निसटली कशी, या दोन्ही गोष्टी नाशिकमध्येच घडल्या.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. पुराणकथा, पूजाविधी, मंत्रोच्चार हे त्या घरातले रोजचे वातावरण. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्रीच व्हावे अशी त्या काळची रीत असताना धुंडिराज मात्र १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला जाऊन तेथील कलाभवनात ते चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम असे जे जे शिकता येईल ते शिकत गेले. त्यांनी जादूचे खेळही आत्मसात केले. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते हे खेळ करीत. या माणसाचा एक धंदा कधी टिकला नाही, असे चरित्रकार सांगतात. ते खरे आहे. पण सोडलेल्या प्रत्येक धंद्यातून त्यांनी एकेक हत्यार सोबत आणले होते, हेही खरे आहे.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तेव्हा प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे १९०२ साली दुसरा विवाह झाला तो करंदीकरांच्या गिरिजाबाईंशी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशाकार म्हणून मिळालेली सरकारी नोकरी दादासाहेबांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि छपाईचा धंदा सुरू केला. आधी लोणावळ्याला आणि मग दादरला चाललेल्या या छापखान्यात देवादिकांची रंगीत चित्रे निघत. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला होता. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. धंदा भरात असतानाच भांडवलदार भागीदारांशी मतभेद झाले आणि आपणच वाढवलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीच्या घरात, गाठीला पैसा नाही, आणि भागीदाराशी पटत नाही अशी बाजारात ख्याती. पुढे नाशिकला जे घडायचे होते त्याची ही रंगीत तालीमच होती. फक्त तेव्हा ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्यानंतर गिरगावातल्या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त असताना आपल्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहून ठेवले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितली गेली आहे. तिच्या पुढचा भाग मात्र तितका सांगितला जात नाही. या ध्यासापायी अहोरात्र चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ अंधत्वाची वेळ आली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याचे कागद गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला रवाना झाले. तिथे एका चित्रपटविषयक नियतकालिकाच्या संपादकाच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना आतून पाहता आला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची नोंदणी करून अवघ्या दोन महिन्यांत, १ एप्रिलला, ते परतले. सामान आल्यावर पहिला प्रयोग झाला तो कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर. रोप कसे वाढत जाते हे दिवसेंदिवस चित्रित करून मिनिटभराची फीत तयार झाली. ती पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. बाकीची तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार झाला. त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास आणि कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. सिनेमात काम करतो म्हटले तर घरचे नाव ठेवतील, तेव्हा हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगावे, असा सल्ला दादासाहेबांनी आपल्या नटांना दिला होता म्हणतात. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी ग्रँट रोडच्या ऑलिंपियात आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो दाखवला गेला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या मूकपटाने मुंबईत चांगली कमाई केली. पुढच्या चित्रपटासाठी कर्ज काढण्याची चिंता काही काळ तरी मिटली.

यशाच्या या टप्प्यावर कोणीही मुंबईतच मोठी जागा घेतली असती. दादासाहेबांनी मात्र त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सगळा पसारा उचलून नाशिक गाठले. त्यात जन्मभूमीची ओढ असेल. पण व्यवहारही होता. त्या काळचे चित्रण उन्हावर चाले. दिव्यांची सोय नव्हती. घरातला प्रसंगसुद्धा छत नसलेल्या देखाव्यात, उघड्या आकाशाखाली चित्रित करावा लागे; ऊन कडक झाले तर वर पातळ कापड ताणायचे, कमी पडले तर पांढऱ्या पडद्यांनी ते परतवून नटाच्या तोंडावर आणायचे. अशा कामाला प्रशस्त आवार हवे आणि ते स्वस्तात हवे. शिवाय पौराणिक कथांचे देखावे नाशिकला आयतेच उभे होते. गोदावरीचे घाट, पंचवटीतली देवळे, आसपासचे डोंगर, त्र्यंबकचे रान. रामाने वनवास जिथे काढला असे लोक मानतात त्याच भूमीवर रामकथेचे चित्रण करायचे, याहून सोयीचे ते काय? आणि मुंबईची बाजारपेठ रेल्वेने जोडलेली होतीच.

नाशिकच्या त्या बंगल्यात जे सुरू झाले त्याला स्टुडिओ म्हणावे, की एकत्र कुटुंब म्हणावे, हे ठरवणे कठीण आहे. नट, सुतार, रंगारी, शिंपी, कॅमेऱ्यावरचे मदतनीस अशी सगळी माणसे आवारातच राहत. सर्वांची पंगत एकत्र. दादासाहेब लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, रंगभूषाकार, संकलक आणि मालक. तालीम कशी घ्यायची, मुकुट कोणत्या कागदाचा, राक्षसाचे दात कसे बसवायचे इथपर्यंतचे प्रत्येक काम त्यांच्या हाताखालून जाई. शिस्त कडक होती. छापखान्यातला मजकूर जुळवणारा माणूस जसा खिळ्यागणिक लक्ष ठेवतो, तसे हे लक्ष होते.

या घराचा दुसरा खांब सरस्वतीबाई होत्या, आणि त्यांच्याविषयी जितके लिहिले गेले ते फार थोडे आहे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली निघे. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मला भोके नसत. ती पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यात चालत नसे. हे काम अंधारात करायचे असल्याने दिवसाची घरकामे उरकून सरस्वतीबाई रात्री त्या यंत्रापुढे बसत. फिल्म धुण्याची रसायने मिसळणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरे पडदे धरून उभे राहणे, तुकडे जोडणे ही कामेही त्या शिकल्या होत्या. मागे मुले रांगत होती. आजच्या भाषेत त्यांना निर्मिती व्यवस्थापक म्हटले असते आणि नामावलीत त्यांचे नाव आले असते. त्या काळी नामावलीच नव्हती आणि घरच्या बाईच्या कामाला वेगळे नाव देण्याची पद्धतही नव्हती.

नाशिकचा पहिला चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. दादरला जे जमले नाही ते इथे जमले. नाटक मंडळीत काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमला या दोघी पडद्यावर यायला तयार झाल्या. आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. ही मुलगी म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले यांच्या त्या मातोश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. रंगभूमी, चित्रपट आणि दूरदर्शन मालिका असा या घराण्याचा जो शतकभराचा प्रवास झाला त्यातला पडद्यावरचा पहिला पाय नाशिकच्या त्या आवारात पडला. १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’ आला. मुख्य चित्रपटाच्या जोडीला छोटे छोटे गंमतीचे आणि माहितीचे तुकडे दाखवण्याची प्रथाही दादासाहेबांनी पाडली. आगकाड्या पडद्यावर आपोआप नाचतात अशी फीत त्यांनी केली, तळेगावच्या काच कारखान्याचे काम चित्रित केले, नाशिक-त्र्यंबकचे देखावे टिपले. देवादिकांच्या चमत्कारांसाठी जी जादू लागत होती ती केळफाच्या पोतडीतूनच येत होती.

१९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी चित्रपट पाहिले, वाखाणले. तिथेच राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढावेत, चांगला पगार आणि नफ्यात वाटा मिळेल, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो नाकारला. हा उद्योग भारतातच व्हायला हवा, ही त्यामागची भूमिका. स्वदेशीसाठी सरकारी नोकरी सोडणाऱ्या माणसाला शोभेसा हा निर्णय होता. पण व्यवहाराच्या दृष्टीने त्याची वेळ वाईट निघाली. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. घरी परतावे तर भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला, कच्ची फिल्म महागलेली, आणि नाशिकला पन्नाससाठ तोंडे वाट पाहत बसलेली. कोणाचा पगार अर्ध्यावर आला, कोणी सोडून गेले. दादासाहेबांनी संस्थानिकांचे दरवाजे ठोठावले. औंध आणि इंदूर संस्थानांकडून थोडी मदत मिळाली. लोकमान्य टिळक आणि काही उद्योगपतींनी मिळून मोठी कंपनी काढावी अशी बोलणी झाली. ती पुरी झाली नाहीत. अशातच ‘राजा हरिश्चंद्र’ गावोगाव नेताना नष्ट झाल्याचे सांगतात. म्हणून १९१७ मध्ये तोच चित्रपट त्यांनी नव्याने तयार केला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपटही याच सुमाराचा.

त्याच वर्षी आलेल्या ‘लंकादहन’ने हे दिवस पालटले. अण्णा साळुंके यांनी यात रामाचीही भूमिका केली आणि सीतेचीही. मारुतीच्या पेटत्या शेपटीने लंका जळताना पाहायला गिरगावच्या वेस्ट एंडमध्ये सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले. पडद्यावर राम दिसताच लोक पायातील वहाणा काढत, हात जोडत. मद्रासेत तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशीही हकीकत सांगतात. सत्तर वर्षांनंतर, १९८७ साली, रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी आंघोळ करून दूरचित्रवाणी संचाला हार घालणारी घरे अनेकांनी पाहिली. प्रेक्षकाच्या भक्तीची ही नस निर्मात्याला प्रथम सापडली होती ती नाशिकच्या आवारात.

पैसा दिसू लागला की पैसेवाले येतात. वामन श्रीधर आपटे, लक्ष्मण फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर या पाच भागीदारांबरोबर १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. आपटे व्यवस्थापक भागीदार, दादासाहेब काम करणारे भागीदार. भांडवल त्यांचे, कला यांची, अशी वाटणी कागदावर सुटसुटीत दिसत होती. पहिले फळही गोड निघाले. ‘श्रीकृष्ण जन्म’ ऑगस्ट १९१८ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि त्याने भरघोस उत्पन्न दिले. कृष्णाच्या भूमिकेत होती दादासाहेबांची लेक मंदाकिनी. पुढच्या वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. त्यातही बालकृष्ण तीच. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर केवळ तिचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव बदलत जातात. ती मुलगी आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवून मग तिला कृष्ण केले आहे. यमुनेच्या डोहात ती नागाशी झुंजते तो प्रसंग आजही पाहायला मिळतो. बापाने घरातल्या पोरीवर किती मेहनत घेतली असेल, हे तिथे फ्रेमागणिक कळते.

पण कंपनी म्हटली की हिशेब आला, आणि इथेच ठिणगी पडली. भागीदारांचे म्हणणे असे, की खर्च आणि वेळ यांना मर्यादा हवी. चित्रपट किती दिवसांत आणि किती रुपयांत होणार हे आधी सांगितले पाहिजे. दादासाहेबांचे म्हणणे असे, की चित्रपट कसा करायचा यात पैसे देणाऱ्याने बोलू नये. या भांडणात भागीदार खलनायक आणि दादासाहेब हुतात्मा, असे चित्र बहुधा रंगवले जाते. ते पुरते न्याय्य नाही. युद्धकाळात जिथे कोणी रुपया लावत नव्हते तिथे या पाच जणांनी पैसा लावला होता, आणि त्याचा जाब मागणे हा त्यांचा हक्क होता. दुसऱ्या बाजूने पाहावे तर ज्या घरात खर्चवहीपेक्षा चूल मोठी होती, त्या घराची कार्यपद्धती रातोरात कचेरीसारखी होणार नव्हती. सरस्वतीबाईंनी रात्री जागून पाडलेली भोके कोणत्या खात्यात लिहायची? मंदाकिनीचा पगार कोणाच्या नावे टाकायचा? घराने जे फुकट दिले होते त्याची नोंद कंपनीच्या कागदांत कुठेच नव्हती, आणि घराने जे खर्च केले ते मात्र रकान्यात स्पष्ट दिसत होते. दादासाहेबांच्या तापट स्वभावाने तडजोडीची वाटही बंद केली. करार दीर्घ मुदतीचा असल्याने बाहेर पडणे सोपे नव्हते. नफ्यातला आपला वाटा सोडून त्यांनी कंपनीशी संबंध तोडला आणि सहकुटुंब काशी गाठली.

काशीला ते स्वस्थ बसले नाहीत. मराठी रंगभूमीच्या दुरवस्थेवर ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी लिहिले. कलकत्त्याच्या मदन कंपनीकडून आलेले बोलावणे त्यांनी नाकारले. इकडे ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांनी दादासाहेबांनी चित्रपटाकडे परतावे म्हणून वर्तमानपत्रातून गाऱ्हाणे मांडले. नाटक १९२२ मध्ये रंगभूमीवर आले. पण त्याला यश लाभले नाही. आणि मग दादासाहेब नाशिकला परतले, त्याच कंपनीत, पण आता पगारी नोकर म्हणून. महिना हजार रुपये हा पगार त्या काळी थोडा नव्हता. तरीही, आपण उभ्या केलेल्या कारखान्याच्या फाटकातून आता रोज कामावर हजर व्हायचे, ही गोष्ट त्या माणसाला कशी सोसली असेल याची कल्पनाच करावी.

पुढेही कंपनी चालत राहिली. तिच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट जमा आहेत. त्यांतले चाळीसच्या आसपास दादासाहेबांचे. यातल्या बहुतेकांची आज फक्त नावे उरली आहेत. ‘लंकादहन’चे तेज त्यांत नव्हते असे समकालीनांचे मत दिसते. दरम्यान कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी वेगळ्याच तोडीचे चित्रपट काढले होते आणि प्रेक्षकांची नजर सुधारली होती. दादासाहेबांचा कॅमेरा मात्र अजून नाटकातल्यासारखा समोर ठाण मांडून बसलेला. नोकरीतही मतभेद झालेच. अखेर त्यांनी पुन्हा स्वतंत्र होऊन ‘सेतुबंधन’ हाती घेतला. हंपी, मद्रास, रत्नागिरी अशा दूरदूरच्या स्थळी चित्रण झाले, पैसा मध्येच संपला, काम रखडले, आणि तो पुरा व्हायला दोन वर्षे गेली.

ती दोन वर्षेच निर्णायक ठरली. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला. फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि त्याची कथाही हरिश्चंद्राचीच होती. ज्या कथेने दादासाहेबांनी मूकपटाची मुहूर्तमेढ रोवली, त्याच कथेने मराठी बोलपटाचा आरंभ व्हावा आणि त्याच वर्षी त्यांचा मूक ‘सेतुबंधन’ थिएटरात यावा! पुढे त्याला आवाज जोडण्यात आला; पण वेळ निघून गेली होती. हिंदुस्थान कंपनीचाही कारभार याच सुमारास आटोपला.

दादासाहेबांचा एकच चित्रपट बोलपट म्हणूनच जन्मला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तो १९३७ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. चमत्कारदृश्यांची हौस त्यात पुरेपूर होती. पण खर्च प्रचंड झाला आणि काळ पुढे गेला होता. त्यानंतर ते नाशिकलाच राहिले. प्रकृती साथ देत नव्हती, उत्पन्न नव्हते. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. समारंभाला दादासाहेब आले. गर्दीत त्यांना ओळखणारे थोडे होते. व्ही. शांताराम यांनी तिथे पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी निधी उभा केला. जमलेली रक्कम अपुरी पडली तेव्हा प्रभात कंपनीने भर घातली आणि त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत त्यांना घर बांधून मिळाले. ज्या माणसाने आपल्या घराचा स्टुडिओ केला होता, त्याला म्हातारपणी घर दिले ते स्टुडिओवाल्यांनी.

त्या घरातही त्यांच्या डोक्यात पुढचा चित्रपट होता. दुसरे महायुद्ध चालू असल्याने कच्च्या फिल्मवर नियंत्रण होते आणि चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. दादासाहेबांनी अर्ज केला. परवानगी नाकारल्याचे पत्र १९४४ च्या फेब्रुवारीत आले आणि त्यानंतर दोनच दिवसांत, १६ फेब्रुवारी रोजी, त्यांचे निधन झाले, असे चरित्रकारांनी नोंदले आहे. वय चौऱ्याहत्तरीला टेकले होते.

सन्मान नंतर आले. १९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देऊ लागले; पहिला देविकाराणी यांना मिळाला. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले. २००९ साली परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने दादासाहेबांचे आणि सरस्वतीबाईंचेही नवे चित्र प्रेक्षकांपुढे उभे केले. प्रत्यक्ष चित्रपटांपैकी मात्र फारच थोडे वाचले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आहेत, तीही १९१७ च्या आवृत्तीची असावीत, असे जाणकारांचे मत आहे. ‘कालिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाचा एक तुकडा उरला आहे. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात: नटांना हातवारे करून सांगताना, मग एका खोलीत बसून फिल्मची पट्टी उजेडापुढे धरून तपासताना.